चित्रं कोणी काढली?

आमच्या शाळेत दरवर्षी 2 एप्रिलला चित्रपुस्तकांचा मेळावा भरायचा. हा हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्मदिवस. त्याच्या आठवणीत 1967पासून जगभर बालपुस्तक दिन पाळतात. मी तेव्हा शाळेचं ग्रंथालय सांभाळायचे. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, 'द ग्रुफलो : जूलिया डोनल्डसन'. तिसरीतली एक मुलगी जवळ आली, फळा नीट वाचला आणि म्हणाली, "बाई, चित्रं कोणी काढली?"

अ‍ॅक्सल शेफलरचं नाव मी चक्क विसरले होते! मुलं ज्या राक्षसाला पाहून खिदळत होती, तो त्यानंच तर रंगवला होता. त्या दिवसापासून पुस्तक उघडण्याआधी दोन्ही नावं खणखणीत आवाजात वाचायची, हा मेळाव्याचा नियमच झाला. दोन्ही कामं एकाच माणसाची असली, तर त्याचं नाव दोनदा! हा हट्ट मुलांचा.

मग दरवर्षी एकेका चित्रकाराची आठवण काढू लागलो. भाषणं मात्र नाहीत. ती मुलांना नको असतात आणि खरं सांगायचं तर मलाही नको होती. तो माणूस जसं काम करायचा, तसं आपण करून बघायचं, एवढंच.

लिओ लिओनीचं वर्ष अजून आठवतं. 1959 साली आगगाडीत कंटाळलेल्या दोन नातवंडांना गप्प बसवायला या आजोबांनी मासिकाचं पान फाडलं आणि निळ्या-पिवळ्या कपट्यांची गोष्ट रचली. गोष्टीत दोघं मित्र एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. आम्हीही घोटीव कागद फाडायला दिले. पाच मिनिटांत तक्रार आली, "बाई, हिरवा होतच नाही!" बरोबरच होतं, जाड कागदातून खालचा रंग दिसणार कसा? चित्रकलेच्या बाईंनी कपाटातून जिलेटीन पेपर काढला आणि निळ्यावर पिवळा ठेवून खिडकीशी धरला. सगळा वर्ग खिडकीकडे पळाला. पुढचा अर्धा तास कुणी जागेवर बसलंच नाही.

मॉरिस सेंडाकच्या वर्षी जरा पंचाईत झाली. त्याच्या 1963च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात खरं तर रानघोडे यायचे होते, पण त्याला घोडे जमेनात. मग लहानपणी घरी येऊन गाल ओढणारे काका-मामा, आत्या-मावश्या त्याला आठवले आणि त्यांचेच विक्राळ प्राणी झाले. हे ऐकल्यावर मुलं काय काढणार, ते सांगायला नको. संध्याकाळी पालक प्रदर्शन बघायला आले, तेव्हा एक मावशी स्वतःच्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. चित्रात दात भरपूर होते.

बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या वर्षी आजारी मित्राला चित्रांचं पत्र लिहिलं, कारण तिचा पीटर ससा 1893 साली अशाच एका आजारी मुलाच्या पत्रात जन्मला होता. प्रकाशकांनी नाकारल्यावर तिनं 1901मध्ये स्वखर्चानं 250 प्रती छापल्या.

एरिक कार्लच्या 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'मधला खादाड सुरवंट मात्र दर मेळाव्याला असायचाच. कागदांच्या गठ्ठ्याला पंचनं भोकं पाडताना त्याला पुस्तक पोखरणारी अळी सुचली. पुढे संपादिकेच्या सूचनेवरून अळीचा सुरवंट झाला, म्हणून शेवटी फुलपाखरू होता आलं. ती भोकाभोकांची पानं परवडेल अशा खर्चात छापणारा अमेरिकेत कुणी मिळेना, तेव्हा 1969 साली पुस्तक छापलं गेलं जपानमध्ये. आमच्या प्रतीची भोकं बोटं घालून घालून इतकी मोठी झाली होती, की सुरवंट कधीच उपाशी राहिला नसावा.

मे 2021मध्ये कार्ल गेला. पुढच्या मेळाव्यात त्याचं नाव नियमाप्रमाणे दोनदा वाचलं. मी क्षणभर थांबले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोरानं भोकातून बोट बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघून हलवलं.