तीन शटरांचं रबर

डिचोलीच्या भाईंची फाइल अजून टेबलावरच आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं काम, किनाऱ्यावरच्या एका हॉटेल-कंपनीकडून एक कोटी नऊ लाख येणं. मी बसतो पणजीत. गोव्यातल्या कंपनीची दिवाळखोरी मात्र राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालते.

हॉटेल-कंपनीला दिवाळखोरी कायद्याच्या कलम ८ची, म्हणजे थकलेले पैसे भरा अशी, नोटीस पाठवली. दहा दिवसांची मुदत. नवव्या दिवशी उत्तर आलं : वर्क ऑर्डरमध्ये लवादाचं कलम आहे, तिकडे जा. मी हसलो. कंपनी गुंडाळणं लवादाच्या हातातलं नाही, हे १९९९ सालीच हरियाणा टेलिकॉमच्या निकालात ठरलंय. नुसत्या लवादाच्या कलमाने दिवाळखोरीचा अर्ज अडत नाही. अडतो तो नोटिशीच्या आधीपासून वाद असेल तर. तो वाद समोरच्याने जिंकायलाच हवा असंही नाही, पोकळ नसला की पुरे. हे २०१७च्या मोबिलॉक्सच्या निकालातलं.

म्हणून भाईंना दोनदा विचारलं होतं, "काही तक्रार आली होती?"

"नाही हो, वकीलबाब."

सुनावणीत समोरच्या वकिलाने ईमेल वाचला. भाईंचाच, नोटिशीच्या चार महिने आधीचा. 'तीन शटरांचं रबर नीट बसलेलं नाही, झड आत येते. माणसं पाठवतो. तोवर शेवटचं बिल थांबवलंत तरी चालेल.' ते बिल सत्तावीस लाखांचं. वजा केलं की उरले ब्याऐंशी, आणि मार्च २०२०पासून एक कोटीच्या खाली या दारात उभं करत नाहीत. अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर भाई म्हणाले, "ती तक्रार कुठे? पावसात जाऊन मीच बघितलं, मीच लिहिलं."

मग पर्वरीला उच्च न्यायालयात जाऊन लवाद नेमून घेतला. दोन बैठका झाल्या आणि त्याच हॉटेल-कंपनीविरुद्ध तिच्या बँकेचा कलम ७चा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला. बँकेला कसला वाद आणि कसलं रबर; थकबाकी दाखवली की काम झालं. कलम १४ची स्थगिती लागली, लवाद जागच्या जागी थांबला.

"आधी म्हणाले तिकडे जा," भाई म्हणाले, "तिकडे गेलो, तर आता इकडे या?"

आता दावा रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघणाऱ्याकडे, फॉर्म बीमध्ये. बिलं, चलनं, बँकेची स्टेटमेंट्स सगळं लावलंय. एक रकाना राहिलाय : काही वाद असल्यास तपशील. भाईंना फोन करून विचारायला हवं. दोन दिवस झाले, केलेला नाही.