पायांचे फोड आणि देहाचे पुनरुत्थान : सावंतवाडी ते जुने गोवे, चालत

सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चपासून जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेपर्यंत सुमारे ७० किलोमीटर भरतात. गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण) ३ डिसेंबरला आणि नोव्हेना, म्हणजे त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. आम्ही ३० नोव्हेंबरच्या पहाटे निघतो आणि नोव्हेनेच्या शेवटच्या संध्याकाळी पोहोचतो. पहिला दिवस पेडण्यापर्यंत, तीसेक किलोमीटर. दुसरा म्हापशापर्यंत, अठराच्या आसपास. तिसरा परत तेवीसचा. मधला दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे, कारण पाय पहिल्या रात्री बोलायला लागतात.

निघायचे चार वाजता. इन्सुलीच्या घाटात या दिवसांत धुके इतके दाटते की टॉर्चचा उजेड दहा पावलांवर विरतो. म्हणून एका ओळीत, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालायचे. पुढच्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चमकणारे पट्टे, शेवटच्याच्या पाठीवर लाल दिवा. रचना बरीचशी पंढरीच्या दिंडीवरून उचललेली आहे, हे कबूल करायला हरकत नाही. तिथे पुढे पताका, इथे क्रूस, एवढाच फरक.

एक तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, गात म्हटला की अर्धा तास जातो आणि दोन किलोमीटर मागे पडतात. मोबाइलपेक्षा हे माप बरे. पहाटेच्या पहिल्या तेर्साला वार कुठलाही असो, आम्ही गौरवाचीच रहस्ये, म्हणजे मननाचे प्रसंग, घेतो. त्यातले पहिले येशूच्या पुनरुत्थानाचे. शिस्तीची माणसे कुरकुरतात, कारण ती रहस्ये बुधवारची आणि रविवारची. पण योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरिया कबरीकडे जाते तेव्हा अजून अंधारच असतो. मार्कात तर बायका चालता चालता एकमेकींना विचारतात, दगड कोण लोटणार? सुगंधी द्रव्ये घेऊन त्या येशूच्या मेलेल्या देहाची सेवा करायला निघाल्या होत्या. आशा वगैरे काही नव्हती. हातात सामान होते आणि पुढची अडचण माहीत होती.

तेर्स सुरू होतो विश्वासांगीकाराने, म्हणजे श्रद्धा बोलून दाखवण्याच्या प्रार्थनेने, आणि त्यात आपण ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणतो. नुसता आत्मा वर जाईल असे तिथे लिहिलेले नाही. हे मनावर घेतले तर मग टाच, नडगी, बोटांमधली सालटी हाही धर्माचाच विषय होतो. म्हणून जथ्यात पायांकडे बघायला दोन माणसे वेगळी नेमलेली असतात आणि त्यांना क्रूस धरणाऱ्याइतकाच मान.

नवे बूट घालून येणारा दर वर्षी एक तरी निघतोच. बूट निदान दीड महिना वापरलेला आणि अर्ध्या मापाने मोठा हवा, कारण दुपारपर्यंत पाय फुगतो. मोजे दोन, आतला पातळ. निघताना टाचेला आणि बोटांमध्ये व्हॅसलीन. पायात कुठे गरम लागले की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची. ‘पुढे बांदा गावात बघू’ म्हणणाऱ्याचा बांद्यापर्यंत फोड होतो. फोड लहान असेल तर हात लावायचा नाही. ताणलेला असेल तर साबणाने धुऊन, जंतुनाशक लावून, निर्जंतुक सुईने कडेला टोचायचा, पाणी दाबून काढायचे आणि वरची कातडी तशीच ठेवून पट्टी मारायची. कातडी कापली की दुसऱ्या दिवशी तो माणूस टेम्पोत. मधुमेह असलेल्यांचा फोड आम्ही फोडत नाही, डॉक्टरकडे नेतो. पुष्कळ जण, विशेषतः बापये, पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला लाजतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पाय धुवायला लागला तेव्हा पेत्रही लाजलाच होता. ‘बाबा, बूट काढ आधी’ एवढे म्हणून पाय ओढून घ्यावा लागतो.

साठ जणांच्या जथ्याला दुपारपर्यंत १८० लिटर पाणी लागते, म्हणजे वीस लिटरचे नऊ कॅन. नुसते पाणी पीत राहिले तर अंगातले मीठ कमी होऊन डोके दुखते, म्हणून एक कॅन ओआरएसचा. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लिटरला एक पाकीट. ‘जरा गोड लागू दे’ म्हणून त्यात साखर वाढवणारे भेटतात, त्यांना कॅनजवळ जाऊ द्यायचे नाही. न्याहारीला पेज. पाच किलो उकडे तांदूळ, सोबत खारातली कैरी आणि भाजलेला सुका बांगडा.

बांद्यानंतर दोन्ही बाजूंना मळे. भात कापून झालेले असते आणि जमिनीतल्या ओलीवर कुळीथ, चवळी पेरलेली. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पुनरुत्थान समजावताना दाण्याचाच दाखला दिला आहे. पेरतो तो दाणा, उगवते ते वेगळेच, पण उगवते त्याच दाण्यातून. इथे त्यावर प्रवचन लागत नाही.

नोव्हेंबर हा मृतांचा महिना, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात नावांची चिठ्ठी असते. माणशी पाचच नावे. मर्यादा नसली की वाचन दोन तास चालते आणि शेवटची नावे कोणी ऐकत नाही. पहिली नावे आम्ही पत्रादेवीला घेतो. तिथे १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्यांच्यासाठीही दोन मिनिटे शांत उभे राहायचे. त्यांतले बहुतेक आपल्या धर्माचे नव्हते हा मुद्दा कोणी काढू नये.

जोड्या दर दोन तेर्सांनी बदलतात. जमिनीच्या कज्ज्यापायी बोलणे टाकलेले चुलतभाऊ एकाच जथ्यात असणे नवीन नाही. त्यांना एका जोडीत घातले तर दोघेही गप्प चालतात, उपयोग शून्य. त्यांना एकाच कॅनच्या दोन कड्या धराव्या लागतील असे काम द्यायचे. कॅन एकट्याने उचलत नाही, मग ‘उचल’, ‘थांब’, ‘तुझ्या बाजूला कलतोय’ एवढे बोलावेच लागते. त्याहून जास्त अपेक्षा तीन दिवसांत धरू नये.

तिसऱ्या दिवशी पर्वरी उतरून बेतीला यायचे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून पणजीत. पायी माणसाला तिकीट नाही, आणि पुलावरच्या गाड्यांपेक्षा हे सुखाचे. पणजी ते जुने गोवे साधारण दहा किलोमीटर. रायबंदरच्या बांधावर सावली नाही, एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरे. तो भाग ऊन चढायच्या आत किंवा चारनंतर.

शुभवर्तमानातले यरुशलेम ते अम्माऊस हे अंतरही जवळजवळ एवढेच, साठ स्टेडिया, म्हणजे अकराएक किलोमीटर. दोघे शिष्य सगळी वाट मरणातून उठलेल्या प्रभूबरोबर चालले आणि त्याला ओळखले मात्र त्याने भाकर मोडताना. म्हणून या टप्प्यात आम्ही तेर्स थांबवतो. ज्याच्याशी तीन दिवसांत बोलणे झाले नाही त्याच्याबरोबर चालायचे, आणि बोलायचे.

बासिलिकेत पोहोचल्यावर नवख्यांचा एक गोंधळ होतो. सायब ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या सांचियान बेटावर वारले, लवकर झिजावा म्हणून देह चुन्यात पुरला, तरी तो टिकला आणि १५५४ मध्ये गोव्यात आला. ‘हेच पुनरुत्थान’ असे काही जण सांगतात. तसे ते नाही. तो देह सुकलेला आहे, उजवा हात १६१४ मध्ये रोमला गेला, आणि उरलेले चांदीच्या पेटीत, उंच चौथऱ्यावर, वाट पाहत आहे. खिशातल्या चिठ्ठीवरच्या नावांसारखीच.

रात्री मैदानात चटई टाकून झोपायचे, पाय पिशवीवर उंच ठेवून. फेस्ताची मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, झाली की परतीची गाडी. अम्माऊसचे दोघे भाकर मोडल्यावर त्याच घटकेस यरुशलेमला परतले होते, तेही रात्री, तेवढेच अंतर. आम्ही बसने येतो.

चिठ्ठ्या तिथे ठेवायच्या नाहीत. ज्या घरातले नाव त्या घरी आठवड्याच्या आत नेऊन द्यायच्या, आधी जिथे याच वर्षी माणूस गेला आहे तिथे. पाय अजून सुजलेले असतात, तेव्हा बूट नको, सैल चप्पल घालून जावे.