डुकराचा रुपया

आज बुधवार, म्हणून हाफ डे टाकून पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. एका काकांच्या फडक्यावर पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया दिसला आणि धडधडायलाच लागलं. त्या वर्षीच्या नाण्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो. त्यावरून लोक भडकले, सरकारने बरीचशी नाणी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला.

खिशातला छोटा काटा काढला. ११.६० ग्रॅम. मूळ वजन ११.६६, म्हणजे बरोब्बर एक जुना तोळा (आताचा दहा ग्रॅमचा नव्हे); एवढी झीज चालते. पण वरच्या कडेला कडी जोडायला डाग दिल्याची खूण! कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यात होतं ते. त्यात काकांनी चिंच लावून असं घासलेलं की विचारू नका. "बघा साहेब, कसं चमकतंय!" काळपट राहू दिलं असतं तर जास्त पैसे दिले असते, हे त्यांना कोण सांगणार? (सांगितलं. पटलं नाही.)

शेजारीच १९३९ चा रुपया "स्वस्तात" होता. त्या सालचा खरा रुपया दुर्मीळ, म्हणून नकलीच फार फिरतात. काट्यावर वजन भरेना, गुपचूप ठेवून दिला.

१९११ वाला मात्र घासाघीस करून घेतलाच, चांदीच्या भावापेक्षा थोडा चढ्याने. उद्या विकायला गेलो तर सराफ मोडीचाच भाव लावणार, वर घट कापणार, हे माहीत असून.

घरी बायकोने विचारलं, "केवढ्याला?"

म्हटलं, "एक रुपया."