कोब्यावरची पावलं

१४ जुलै, विंटन

आज आईला ऑस्ट्रेलियातली लार्क क्वारी दाखवली, डायनासोरच्या पावलांच्या ठशांची जागा. विंटनपासून ११० किलोमीटर, सगळीकडे लाल माती आणि स्पिनिफेक्स गवताचे झुबके. आई वाटभर खिडकीला नाक लावून होती.

मातीच्या जाड भिंतींची ती इमारत आतून गार होती. कठड्याशी गेलो तर खाली उतरता खडक आणि त्यावर पावलंच पावलं, सुमारे ३,३०० ठसे. बहुतेक तीन बोटांचे, कोंबडीएवढ्या नाहीतर एमूएवढ्या प्राण्यांचे, जवळजवळ सगळे एकाच दिशेने गेलेले. आणि त्यांच्या उलट दिशेने चालत आलेलं एकच मोठं जनावर, एकेक पाऊल परातीएवढं. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा तळ्याकाठचा चिखल. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला तो साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे ही पावलं उमटली तेव्हा सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा नव्हता! हे आईला सांगताना माझाच आवाज बारीक झाला.

१९७६-७७ मध्ये क्वीन्सलँड म्युझियमच्या मेरी वेड आणि क्वीन्सलँड विद्यापीठाचे टोनी थलबॉर्न यांनी इथला खडक उघडा केला. त्यांनी अर्थ लावला की मोठा मांसाहारी प्राणी आला आणि लहानांचा कळप जीव घेऊन पळाला. गेल्या काही वर्षांत रोमिलिओ आणि सॅल्सबरी हे अभ्यासक वेगळं सांगतात. मोठा प्राणी पाला खाणारा असावा, आणि लहान प्राणी पाण्यातून जात होते, काही तर पोहतही होते. काही ठशांत फक्त बोटांचे लांब ओरखडे आहेत, टाच टेकलेलीच नाही. मला हे जास्त पटतं. ते ओरखडे पाहताना प्रवाहात तळ चाचपणारे पाय दिसतात.

आईने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आपल्या पडवीच्या कोब्यावर मांजर गेलं होतं, आठवतं? ओला होता तेव्हा. चार पावलं नीट आणि पुढे एकदम लांब उडी. कशाला घाबरलं होतं कोण जाणे."

मी तीस वर्षं त्या पडवीत वावरलो. पावलं ठाऊक होती, उडी कधी पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी मोटेलवर आल्यावर आईने साताऱ्याला दादाला फोन लावला. दिवाळीआधी तो पडवीत फरशी बसवणार आहे. "दाराजवळचा तेवढा तुकडा सोड," म्हणाली, "तिथे मांजराची पावलं आहेत."