नान्नजचा माळ: झाडं नसलेलं जंगल

बार्शी रस्त्याने सोलापूर सोडलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. पुण्याहून आलेल्या मेहुण्याला 'चल, अभयारण्य दाखवतो' म्हणून सकाळी सकाळी घेऊन गेलो. गाडीतून उतरून त्याने चारी बाजूंना मान फिरवली आणि विचारलं, "दाजी, जंगल कुठाय?"

समोर मुरमाड चढउतार, गुडघ्यापर्यंत गवत, लांबवर एखादी बाभळ. हेच जंगल, म्हटलं. त्याला काही पटलं नाही.

त्याचा दोष नाही. सरकारलाही हे पटायला वेळ लागला. 1972 च्या दुष्काळाने जिल्हा होरपळला, त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून (इंग्रजी आद्याक्षरांनी डीपीएपी) वनखात्याने इथले उजाड माळ राखायला घेतले. हेच ते डीपीएपीचे प्लॉट. चराई बंद केली, गवत वाढू दिलं. हेतू चारा आणि माती धरून ठेवण्याचा. पण गवत आलं तसा माळढोक, उघड्या माळावर राहणारा मोठा पक्षी, तोही तिथे दिसू लागला. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी हा पक्षी इथे आहे हे लावून धरलं आणि 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. पुढे ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने नान्नजला मुक्काम ठोकून डॉ. असद रहमानी यांच्या प्रकल्पात माळढोकाचा अभ्यास केला. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून माद्यांना बोलावतो, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, हे सगळं बघायला असल्या माळासारखी प्रयोगशाळा नाही.

गंमत म्हणजे, गवत राखणाऱ्या खात्यानेच मधल्या काळात त्यात गिरिपुष्प आणि सुबाभळही लावली. माळ रिकामा दिसला की आपल्याला खड्डे खणल्याशिवाय चैन पडत नाही! माळढोकाला लांबवर नजर टाकता यायला हवी. झाडी दाटली की तो जागा सोडतो. वृक्षारोपणाच्या फोटोंबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही.

वाटेत मेंढरं घेऊन निघालेले एक मामा भेटले. मेहुण्याने विचारलं, "मामा, माळढोक दिसतो का?" ते हसले. "पयल्यांदा लई हुते. आता लांडगं इचारा, ते हायती. परवाच कोकरू नेलं." तक्रार होती, पण राग नव्हता. राग असलाच तर तो अभयारण्याच्या हद्दीच्या आखणीवर. सुरुवातीला अभयारण्य तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, त्यात शेतं, वस्त्या, गावंच्या गावं. जमिनीचे व्यवहार अडले आणि पक्षी उगाच बदनाम झाला. नंतर क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर आजूबाजूला ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या होत्या. (सोनाका ही द्राक्षाची जात याच नान्नजच्या शेतकऱ्याने निवडून काढली. म्हणजे संशोधन या गावाला नवीन नाही.)

मेहुण्याला शेवटी पटलं ते एका कुसळामुळे. कुसळी गवताचं वाळलेलं बी त्याच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी दोन थेंब टाकलं. पीळ बसलेली शेपटी सावकाश उलगडत गरगर फिरायला लागली. पहिल्या पावसात हे बी असंच फिरत स्वतःला मातीत रुजवतं. "अरे, हे तर ड्रिल मशीन!" म्हणाला. मग गड्याने तासभर खाली बसून गवतच पाहिलं. पवन्या, मारवेल, मधून मधून उडणारे चंडोल. उतारावर काळविटांचा कळप होता, त्यातला काळा नर आमच्याकडे बघत उभा. माळढोक अर्थातच दिसला नाही. राजस्थानात जैसलमेरजवळ बंदिस्त जागेत त्याची पैदास चालू आहे, 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही झालं. पण ती पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? त्यासाठी तरी नान्नजसारखे माळ शाबूत हवेत. गवत परत आणता येतं, हे इथे एकदा सिद्ध झालेलंच आहे.

जायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा आणि पहाटे पोहोचा. नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. पावसाळ्यात गवत हिरवं असतं, हिवाळ्यात भोवत्ये (माळावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी) येतात. पाणी बरोबर घ्या, आणि लोकरी मोजे घालू नका, कुसळं काढता काढता संध्याकाळ होते.