सात काही भरत नाहीत

परवा जेवून ओट्यावर टेकलो आणि आंब्याखालच्या पाल्यात खसफस सुरू झाली. मांजर नव्हे, मुंगूसही नव्हे. सातभाई. चोचीनं पान उलटायचं, खालचा किडा गट्टम करायचा आणि शेजारच्यावर खेकसायचं, हा यांचा दुपारचा उद्योग. मातकट अंग, पिवळी चोच आणि ते फिकट डोळे, कायम वाटणीत कुणीतरी फसवल्यासारखे.

मी मोजले. सहा.

हा माझा जुना चाळा. गोडोलीत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर बांधलं तेव्हापासून मोजतोय. कधी पाच, कधी नऊ, एकदा तर अकरा. सात म्हणून एकदाही नाहीत. ही म्हणते, "अहो, नाव आहे ते, हजेरीपट नव्हे." असेल. पण नावाची काही चाड?

मोजायची खोड आजीची. ती ताटं मोजायची. यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या घरात माणसं सहा, मंगळवारी ताटं सात. सातवं, वार लावून जेवणाऱ्या पोराचं. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. मुकाट जेवायचा, पण भाकरी आम्हा दोघा भावांच्या मिळून एकटा खायचा. मी एकदा चुलीपाशी जाऊन हे आजीच्या कानात सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तव्यावरची भाकरी उचलली आणि त्याच्याच ताटात टाकली.

तर परवा. आषाढातली उघडीप, आणि एकाएकी कण्हेरीत कलकलाट. साप असेल म्हणून चष्मा शोधून गेलो. फांदीवर एक पिल्लू. भरवणाऱ्यांपेक्षा थोराड, पोटावर तपकिरी रेघोट्या, चोच वासून पंख थरथरवत बसलेलं. हे यांचं नव्हेच, पावशाचं. बाप ज्येष्ठात रात्रंदिवस 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून साऱ्या शिवाराला कामाला लावतो आणि मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी. एकानं अळी भरवली. ती गिळायच्या आत दुसरा नाकतोडा घेऊन हजर, त्याच्यामागं तिसरा. यांच्यात पिल्लू एकाचं नसतं, अख्खी टोळी भरवते.

पिल्लानं परत चोच वासली.

मी पुन्हा मोजले. त्याला धरून सात.