फळ्याच्या कोपऱ्यातली नावं

8 जुलै 2024, सोमवार

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. आज केंद्रावर तिन्ही नवे शिक्षक एकदम भेटले. पवित्र पोर्टलच्या, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून आलेले. एक मॅडम बीड जिल्ह्यातल्या, एक सर कोल्हापूरकडचे, आणि तिसरा इथलाच, चिखलदरा तालुक्यातला कोरकू आदिवासी मुलगा. त्याला मी लगेच ओळखलं. माझी पहिली शाळा त्याच्याच गावात होती. तिसरीत माझ्या वर्गात होता. आज शर्ट खोचून, कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभा होता. वाकून नमस्कार केला आणि "गुरुजी" म्हणाला. मला फार बरं वाटलं.

केंद्रप्रमुख म्हणाले, "तुमची 26 वर्षं मेळघाटात गेली. या तिघांकडे जरा तुम्हीच बघा." त्याला ना कसला आदेश, ना नमुना, ना अहवाल. मी हो म्हणालो.

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला येणारी एसटी मॅडमनी पहिल्यांदा पाहिली ती हजर होण्याच्या दिवशी. खोली मिळालीय, पण फोनला रेंज नाही. शिक्षणसेवकाचं मानधन महिना 16,000, आणि असं तीन वर्षं. त्यातूनच घरी पाठवायचे, त्यातूनच भाडं द्यायचं. मी त्यांना आज शिकवण्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. दूध कुठे मिळतं, बाजार कोणत्या वारी, रात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाचं दार वाजवायचं, एवढंच सांगितलं. पहिल्या महिन्यात माणूस टिकला तर पुढचं बोलता येतं.

कोल्हापूरचे सर मात्र निघताना म्हणाले, "सर, या मुलांना काहीच येत नाही हो. विचारलं की नुसती बघत बसतात." मी त्यांना एक काम दिलं. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या कानावर शाळेत येण्याआधी किती भाषा पडतात, ते लिहून आणा.

15 जुलै, सोमवार

कोल्हापूरच्या सरांनी खरंच लिहून आणलं. घरात कोरकू. शेजारच्या गवळ्यांची त्यांची वेगळी बोली. धारणीच्या बाजारात हिंदी, कारण तिथला व्यवहार हिंदीतच चालतो. मग शाळेत मराठी. आणि 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी. सहा वर्षांच्या पोरापुढे पाच भाषा, आणि आपण ज्या भाषेत प्रश्न विचारतो ती रांगेत चौथी. सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मी काही बोललो नाही.

19 जुलै, शुक्रवार

आज मॅडमच्या वर्गात मागे बसलो. दुसरीचा वर्ग. 23 मुलं, त्यात 16 कोरकू, 5 गवळी, 2 बलई समाजाची. खिडकीतून पाऊस आत येत होता म्हणून सगळी एका भिंतीला सरकून बसलेली.

"घरातली माणसं" यावर बोलणं चाललं होतं. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "माझा आई बाजारात गेला." मॅडम म्हणाल्या, "माझी आई गेली. म्हण बरं." तिनं म्हटलं. पुढचं वाक्य आलं, "माझी बाबा जंगलात गेली." वर्ग हसला. मॅडमनी परत दुरुस्त केलं. तिसऱ्या वेळी मुलगी बोललीच नाही. बोटानं फरशीवर रेघा ओढत राहिली.

मला राहवलं नाही. मी उठलो, "मॅडम, असं नाही," म्हणालो आणि उरलेला तास मीच घेतला. चांगला झाला, मुलं बोलली. मी खूश होतो.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मॅडमना सगळं समजावून सांगितलं. कोरकू ही आपल्या मराठीच्या घराण्यातली नाही, मुंडा कुळातली आहे. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी, त्या तिकडे झारखंडाकडे, आणि ही एकटी इतकी पश्चिमेला. 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. तिच्यात नामांचे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग असे गट नाहीत. सजीव आणि निर्जीव असे आहेत. ज्या मुलीच्या भाषेत आईला "ती" आणि बाबांना "तो" असा भेदच नाही, तिला आपल्या "माझा, माझी, माझं" मध्ये काय दिसत असेल? नुसता गोंधळ. ती जे करते त्यात आळस नाही आणि मंदपणाही नाही. तिच्या भाषेचा नियम ती आपल्या भाषेला लावून पाहते. उलट, "आपण" आणि "आम्ही" यांतला फरक ही मुलं चटकन धरतात, हे मॅडमनी पाहिलं होतं का? कारण तो फरक कोरकूत आहे. हिंदी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकवावा लागतो. कोरकूत दोघांसाठी वेगळं द्विवचनसुद्धा आहे, संस्कृतात आहे तसं.

आणि उपाय काय, तेही सांगितलं. चुकीवर बोट ठेवायचं नाही. मुलगी म्हणाली "आई गेला", तर आपण म्हणायचं, "हो का? तुझी आई बाजारात गेली? काय काय आणलं तिनं?" बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि बोलणं पुढे सरकतं. ती पुढच्या वाक्यात पुन्हा चुकेल. चुकू द्यायचं. शंभरदा ऐकल्यावर एक दिवस आपोआप बरोबर येईल.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. मग म्हणाल्या, "सर, हे तुम्ही तास संपल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

एवढंच बोलून त्या वर्गात गेल्या.

रात्री हे लिहिताना ते वाक्य पुनःपुन्हा आठवतंय. 23 मुलांसमोर मी त्यांच्या हातातून खडू घेतला. उद्या ती मुलं कुणाचं ऐकतील?

20 जुलै, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर मॅडमची माफी मागितली. त्या आधी गडबडल्या, मग बोलत्या झाल्या. डी.एड.ला पुण्यात होत्या. पहिल्याच पाठात तोंडून "लई" गेलं आणि मागून दोघी हसल्या. त्यानंतर पूर्ण सत्रभर त्या वर्गात विचारल्याशिवाय बोलल्या नाहीत. मीही दर्यापूरकडचा, "काहून" म्हणत वाढलेला. आम्हा दोघांनाही शुद्ध मराठी अशीच शिकवली गेली. आणि तरीही काल वर्गात मुलगी गप्प झाली तेव्हा मॅडमना ते ओळखीचं वाटलं नाही, मॅडम गप्प झाल्या तेव्हा मला नाही.

यापुढे वर्गात मागे बसलो की हातात काही घ्यायचं नाही. वहीसुद्धा नाही. बघायचं, आणि संध्याकाळी त्यांनी विचारलं तरच बोलायचं.

23 ऑगस्ट, शुक्रवार

आजचं लिहायला अवघड आहे.

कोरकू सरांचा वर्ग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. वाटायचं, त्याला काय सांगायचं? मुलांची भाषा त्याची स्वतःची. या पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या गावांत, असे शिक्षक मिळावेत म्हणून तर किती वर्षं लोक झगडले. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेत शिकवावं. 2020 चं शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. इथे तर ते आपसूकच होणार.

दोन तास बसलो. एकही कोरकू शब्द नाही. स्वच्छ, पुस्तकी, घोटून बसवलेली मराठी. "विद्यार्थ्यांनो, आपापली पाठ्यपुस्तके उघडा." मुलं गप्प. एका पोरानं शेजाऱ्याला हळूच कोरकूत काही विचारलं तर सरांनी नुसतं बघितलं आणि पोरगं मान खाली घालून बसलं.

शाळा सुटल्यावर दोघं रस्त्यापर्यंत चालत आलो. चारचौघांत मी त्याला सर म्हणतो, पण एकट्यात जुन्या सवयीनं तू म्हणतो. विचारलं, "तू वर्गात कोरकू काहून नाही बोलत रे?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तर बंद केली होती."

मला आठवेना. त्यानं आठवण करून दिली. 2004 च्या सुमारास मी वर्गात नियम केला होता. कोरकूत बोलेल त्याचं नाव फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात. सुट्टी होईपर्यंत ज्याचं नाव तिथे राहील त्यानं व्हरांडा झाडायचा. मारणं नाही, ओरडणं नाही, मला तेव्हा तो फार शहाणपणाचा नियम वाटला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकही केलं होतं, कारण मुलं मराठीत "नमस्ते" म्हणाली.

मी म्हणालो, "तुझं नाव किती वेळा लागलं असेल रे?"

"एकदाही नाही, गुरुजी. मी बोलतच नव्हतो."

मी त्याला हुशार आणि शांत समजत होतो. प्रगतिपुस्तकात तसं लिहिलंही होतं.

त्यानं रागानं सांगितलं नाही. त्याला अजूनही खरंच वाटतं की चांगला शिक्षक होण्यासाठी कोरकू दाराबाहेर ठेवावी लागते, आणि ते मी शिकवलेलं आहे. पुढे काय बोलावं ते मला सुचेना. माझं चुकलं, एवढंच म्हणालो. "असं कसं, गुरुजी," म्हणत तो कसनुसा झाला. एसटी आली, तो चढला.

माझ्या त्या जुन्या वर्गात 30 मुलं होती. त्यातल्या एकाची आज गाठ पडली.

9 सप्टेंबर, सोमवार

कोरकू सरांचं तेच चालू आहे. मी काही सुचवलेलं नाही. मी सांगितलं म्हणून बंद झालेली भाषा मी सांगितलं म्हणून पुन्हा सुरू व्हावी, हे मला पटत नाही. वाट बघतोय.

मॅडमनी मात्र एक गोष्ट चांगली केली. आधी त्या एका गवळी मुलाला दुभाषी करत, कारण त्याला मराठी बरी येते. चार दिवसांत लक्षात आलं की तो त्याच तोऱ्यात कोरकू मुलांवर हुकूम सोडतो. आता त्या दर आठवड्याला मुलं बदलतात, आणि बलई मुलांपैकी एकीलाही पाळी मिळते. हे मी सांगितलेलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

18 नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि दरवर्षीसारखे वर्ग अर्धे झाले. आईबाप कामाला खाली उतरले. कुणी संत्र्याच्या बागांत, कुणी वीटभट्टीवर, कुणी अमरावतीत बांधकामावर. पोरं सोबत गेली. आता होळीला परत येतील. कोरकू माणूस कुठेही असो, होळीला घरी येतोच.

मला याची इतकी सवय झाली होती की मी हजेरीपटावर रेघा ओढून मोकळा व्हायचो. बीडच्या मॅडमना हे नवं नाही. त्यांच्याकडची गावं ऊसतोडीला अशीच रिकामी होतात. त्यांनी सुट्टीआधीच ज्यांची जाण्याची बोलणी चालली होती त्या घरांतून फेरी मारली. जिथं चाललात तिथल्या शाळेत दाखवा म्हणून शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. तीन मुलं आजीपाशी ठेवायला लोक तयार झाले. त्यांच्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं कशी चालतात ते त्यांनी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास उभं राहून सांगितलं. बोलताना दोनदा "लई" आलं. कुणी हसलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून टिपणं घेतली.

कोल्हापूरचे सर बदलीच्या चौकशीत आहेत. आई आजारी असते. त्यांना दोष देता येत नाही. पण रोज शाळा सुटल्यावर एक तास थांबून चौथीच्या चार मुलांना वाचायला बसवतात, हेही इथे लिहून ठेवतो.

7 मार्च 2025, शुक्रवार

होळी पुढच्या गुरुवारी. गावं भरू लागली. दोन रांगांत समोरासमोर असलेली घरं नव्यानं सारवली गेली, आणि वर्गात चार महिन्यांनी दिसलेली तोंडं. काहींच्या हाताला भट्टीचे फोड. आल्या आल्या त्यांना "कुठं होतास? अभ्यास बुडाला," असं म्हणायचं नाही, एवढं सगळ्या नव्यांना सांगून ठेवलंय.

काल कोरकू सरांचा निरोप आला, "गुरुजी, उद्या सवड असली तर वर्गात या." स्वतःहून पहिल्यांदाच.

गेलो. मागे बसलो. सरांनी चिंचोके वाटले आणि मोजायला लावलं. मिया, बारिया, आफई, उपून. मुलं आधी एकमेकांकडे बघायला लागली, मग सरांकडे, मग माझ्याकडे. सर पुढे मोजत राहिले, मोनोय, तुरुय, आणि सातपर्यंत सगळा वर्ग मागे आला. दहाला "गेल" म्हटल्यावर फळ्यावर 10 लिहिलं, शेजारी "दहा". मग उलटं, दहापासून खाली, मराठीत. फळ्याचा उजवा कोपरा मोकळा होता. माझी नजर तिकडेच जात होती.

नंतर सरांनी परत आलेल्या मुलांना विचारलं, तिकडे काय काय पाहिलं? प्रश्न कोरकूत होता. एक पोरगा, जो नोव्हेंबरच्या आधी माझ्या माहितीप्रमाणे वर्गात कधी बोलला नव्हता, तो उठला आणि बोलायलाच लागला. हातवारे करून, मध्येच हसून, मध्येच थांबून. पाच मिनिटं तरी बोलला असेल. सगळी मुलं ऐकत होती. सर मध्येच एखादा प्रश्न विचारत, तो आणखी सांगे.

मला त्यातले चारच शब्द कळले. डा, म्हणजे पाणी. उरा, घर. सिता, कुत्रा. आबा, बाप. 26 वर्षांत जमा झालेले. पाणी, घर, कुत्रा आणि बाप यांचं तिकडे काय झालं ते मला कळलं नाही. सरांचा चेहरा मध्येच गंभीर झाला होता, तेवढं दिसलं.

तास संपेपर्यंत मी मागे बसून राहिलो. उद्या सकाळची शाळा आहे. सुटल्यावर सरांना विचारायचं, तो काय सांगत होता.